मांडी, मंडी आणि पट्ट

माझ्या मुलीने रोइंग सोडायचं जाहीर केलं ते शनिवारी सकाळी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता. "आई, मैं कैंप में नहीं जा रही. परसों सर को बोल दूँगी." एवढं बोलून तिने लिंबाची बी चमच्याने बाजूला केली आणि खायला सुरुवात केली.

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतूनच येतं. तिचे बाबा हवाई दलात. त्यांच्या बदल्यांमागे फिरता फिरता तिच्या शाळा बदलल्या, मैत्रिणी बदलल्या आणि घराबाहेर मराठी कानावर पडेल असं गाव काही आमच्या वाट्याला आलं नाही. चंदीगडला आल्यावर मात्र एक चांगली गोष्ट घडली. सुखना तलावावर कोवळ्या उन्हात होड्या वल्हवणाऱ्या मुली तिने पाहिल्या आणि तिथेच फतकल मारून बसली, मला हे शिकायचंय म्हणून. त्याला तीन वर्षं झाली. आता ती सोळाची आहे आणि भोपाळला होणाऱ्या ज्युनियर संघाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. निवड झाल्याच्या दिवशी तिच्या बाबांनी युनिटमधल्या झाडून सगळ्यांना पेढे वाटले होते. पेढे पचायच्या आत हा बाँब.

"का गं?" मी विचारलं.

"जीन्स," ती म्हणाली.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मग हळूहळू एकेक वाक्य बाहेर आलं. तिच्या मापाची जीन्स जगात कुठेच नाही. कमरेला होते ती मांडीवर अडते, मांडीत जाते ती कमरेतून खाली येते. सगळ्या मैत्रिणी जीन्स घालतात, ही एकटी ट्रॅकपँटमध्ये. फोटो काढायचा म्हटलं की ही खुर्चीच्या मागे. आणि हे सगळं रोइंगमुळे. रोइंग बंद केलं की पाय बारीक होतील आणि पाय बारीक झाले की प्रश्न मिटेल. पुढच्या रविवारी एका मैत्रिणीचा वाढदिवस आहे आणि सगळ्याजणी जीन्स घालून जाणार आहेत, हेही शेवटी कळलं.

"ट्रॅकपँटच बरी की," तिचे बाबा पेपरमागून म्हणाले. "सुटसुटीत. हवा खेळती राहते."

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

इथे मला रोइंगबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण मलाही ती आधी ठाऊक नव्हती. लांबून बघणाऱ्याला वाटतं की होडी हातांनी चालते. हात आपले वल्हं धरून असतात. खरा जोर पायांचा. सरकत्या बैठकीवर गुडघे छातीशी आणायचे आणि समोरच्या पाटीला दोन्ही पायांनी असा रेटा द्यायचा की होडी पाणी कापत सुटली पाहिजे. हे रोज सकाळी, वर जिममध्ये खांद्यावर वजन घेऊन उठाबशा. अशा मुलीच्या मांड्या शेवग्याच्या शेंगेसारख्या राहणार कशा?

शिवाय खाण तशी माती असणारच. माझं माहेर सांगलीकडचं. मी शाळेपासून कॉलेजपर्यंत खो-खो खेळले. माझे काका तालमीतले. आमच्या घरात पोरगं जन्मलं की आधी नाक-डोळे बघायचे नाहीत, पोटऱ्या बघायच्या. माझे पाय आजही भक्कम आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण मी आयुष्यभर साडी नाहीतर सलवार नेसले-घातले. सलवारीत दोन मांड्यांबरोबर आठवड्याची भाजीही मावते. त्यामुळे जीन्स नावाचा हा दुश्मन माझ्या कधी समोरच आला नव्हता.

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि राग आला की मी शब्द देऊन बसते. "जीन्स मी शोधून देते," मी म्हटलं. "आज आणि उद्या. मिळाली तर मुकाट्याने कँपला जायचं. नाही मिळाली तर सरांना फोन मीच करीन, तुला करायला नको."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "पक्का?"

"पक्का."

पेपरमागे कोणीतरी उसासा टाकला.

सुरुवात मोठ्या मॉलपासून केली. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी आणि भिंतभर जीन्स. मला वाटलं, एवढ्यांतून एक मिळणार नाही म्हणजे काय! दुकानातली पोरगी लगबगीने आली. तिने मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "स्किनी फिट दिखाऊँ?" असं विचारलं. मुलगी म्हणाली, स्किनी सोडून काहीही दाखवा. मग स्लिम आली, स्ट्रेट आली, आणखी एकदोन जाती आल्या. प्रत्येक वेळी ट्रायल रूमच्या दाराआडून आधी कापड ओढल्याचा आवाज, मग शांतता, मग दाराच्या वरून टाकलेली जीन्स.

"मैम, साइज़ बढ़ा दूँ?" दुकानातली पोरगी मला विचारायची. तिचा काही दोष नव्हता, पण तिच्या आवाजात पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तशी दया होती आणि ती मला सहन होईना.

साइज वाढवत नेला. एक जीन्स शेवटी मांड्यांवरून गेली. मुलगी दार उघडून बाहेर आली तर कंबर पाठीमागे अशी सुटलेली की आत लाह्यांची पिशवी ठेवता आली असती. ती हाताने पँट धरून उभी होती. कंबर अठ्ठावीसची, मांडी बत्तीसची. या शहरात पत्ते सुद्धा नंबरांतच सांगतात, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे नकाशाच आला. आमची कंबर अठ्ठावीस सेक्टरला राहते आणि मांडी बत्तीसला, दोघींची गाठ पडायची तर मधे रिक्षा करायला हवी. हा विनोद मी मोठ्याने केला. कोणी हसलं नाही.

"मॉम फिट ट्राय करेंगी?" दुकानातल्या पोरीने विचारलं.

मी म्हटलं, "माझ्यासाठी नकोय, तिच्यासाठी."

"आई!" मुलगी दातओठ खात म्हणाली. "वो फिट का नाम है."

मला ते नाव फार आवडलं. आयांच्या मापाची जीन्स म्हणजे कोणीतरी शेवटी विचार केला म्हणायचा. मुलीला ती वर ढगळ आणि मांडीत पुन्हा घट्टच झाली. मग मी हट्टाने तीच जीन्स स्वतः घालून बघायला आत गेले. एक आई म्हणून मी सांगते, ती कुठल्याही आईच्या मापाची नव्हती. माझ्या गुडघ्यापाशी तिने जो हरताळ केला तो काही केल्या मिटेना. मी आतून हाका मारल्या तेव्हा मुलगी तोंडावर हात धरून मला सोडवायला आली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा, पण बाहेर पडल्यावर पुन्हा चेहरा मिटून घेतला.

दुपारी आम्ही बावीस सेक्टरच्या बाजारात आलो. माझा या बाजारावर फार विश्वास. इथे दुकानांपुढच्या लांबलचक व्हरांड्यात माणसांचे धक्के खात चालायचं, भाव करायचा, आणि जे मोठ्या दुकानात "नहीं मिलेगा" ते इथे कुठल्यातरी फळीवर मिळतंच. एका जीन्सच्या दुकानात शिरलो. छतापर्यंत घड्या रचलेल्या. गल्ल्यावर चाळिशीतला एक सरदारजी आणि त्याच्या शेजारी स्टुलावर त्याची म्हातारी आई, पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन मटार सोलत बसलेली. दुकानात सगळे तिला बीजी म्हणत होते.

आता एक अडचण सांगते. मांडीला हिंदीत जाँघ म्हणतात हे मला माहीत आहे. इतकी वर्षं उत्तरेत काढल्यावर एवढं तरी कळतं. पण मराठी बाईला हा शब्द भरदुकानात परक्या पुरुषापुढे उच्चारून दाखवा म्हणावं. आपल्याकडे जांघ म्हणजे मांडी नव्हे. मांडी जिथे संपते आणि ज्याच्यापुढचं कोणी बोलत नाही, ती जागा म्हणजे जांघ. तिथे गाठ आली तर ती सुद्धा आपण डॉक्टरला कुजबुजत सांगतो. त्यामुळे आयत्या वेळी जीभ अडखळली आणि मी बेधडक आपला मराठी शब्द हिंदीत ढकलून दिला. सोज्वळ शब्द आहे, कळेल त्याला, असं वाटलं.

"भाईसाब," मी म्हटलं, "इसका मांडी में प्रॉब्लेम है."

"मंडी में?" सरदारजी म्हणाला.

"हाँ. मांडी बहुत बड़ी है ना इसकी."

"हाँ जी, बहुत बड़ी है," तो एकदम खुलला. "पूरे ट्राइसिटी का माल वहीं उतरता है."

चंदीगड, मोहाली, पंचकुला अशा तिन्ही शहरांचा माल हिच्या मांडीवर कशाला उतरेल? मी जरा गोंधळले, पण माघार घेण्याचा स्वभाव नाही. "कमर में ठीक बैठता है, मांडी में जाके अटकता है."

"जाम लगता है जी वहाँ. तड़के जाया करो." मग त्याने मोठ्या मायेने मला समजावलं, "पर बहनजी, मंडी छब्बीस सेक्टर में है. वहाँ सब्ज़ी मिलेगी, आढ़त मिलेगी. जीन्स तो यहीं से लेनी पड़ेगी."

मागून एक विचित्र आवाज आला. माझी मुलगी कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला कळेना. मग मी लाजलज्जा गुंडाळून ठेवली, सलवारीवरून स्वतःच्या मांडीवर फाडकन हात मारला आणि म्हटलं, "ये! ये वाली मांडी!"

सरदारजीच्या दाढीत काहीतरी हललं. पण त्याने तोंड उघडायच्या आत स्टुलावरची बीजी मटारची पातेली बाजूला ठेवून उठली. "लै, पट्ट!" ती म्हणाली. "पट्ट कह, पुत्त! पट्ट!"

पंजाबीत मांडीला पट्ट म्हणतात. तो शब्द कानात शिरला आणि मी सरळ सांगलीत जाऊन पडले. आमच्या काकांच्या तालमीत पैलवान पट काढायचे. समोरच्याच्या मांडीला हात घालायचा, ती आपल्याकडे खेचायची आणि गडी पाठीवर. एकेरी पट, दुहेरी पट. लहानपणी आम्ही बहिणी गादीवर एकमेकींचे पट काढायचो आणि आईच्या शिव्या खायचो. एवढ्या लांब, बावीस सेक्टरच्या दुकानात, ज्या शब्दासाठी माझी जीभ अडखळत होती तो माझ्याच घरचा निघाला. शब्दांचं कूळ कोणी पंडित सांगेल, मला तिथल्या तिथे बीजीला मिठी मारावीशी वाटली.

बीजीला मात्र माझ्यात रस नव्हता. ती मुलीकडे गेली. "की खेडदी ए, पुत्त?" काय खेळतेस?

मुलगी पुटपुटली, "रोइंग. सुखना पे."

"बेड़ी चलौंदी ए!" पोरगी होडी चालवते, असं बीजीने दुकानाला जाहीर केलं, आणि कलिंगड बघावं तसं मुलीच्या मांडीवर बोटांनी टकटक केलं. "वेख, लोहा! अज्जकल दियां कुड़ियां दियां लत्तां तां सुक्कियां लकड़ियां ने." हल्लीच्या पोरींचे पाय म्हणजे सुकी लाकडं! मग तिने समोरच्या दुकानदाराला हाक मारली, ये म्हणाली, बघ, पट्ट असे असतात. आपल्या थोरल्या भावाने तरुणपणी दोन्ही पट्टांवर मोर गोंदवून घेतला होता, सगळं गाव बघायला यायचं, हेही सांगून झालं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. एकाने कौतुकाने मान डोलावली. मी तर अभिमानाने फुगले होते.

मुलगी दुकानातून निघून गेली.

मी धावत मागे गेले. ती व्हरांड्यातल्या एका खांबाला टेकून उभी होती, पिशवी मांड्यांपुढे धरून. ती हसत नव्हती.

"अगं, ती तुझं कौतुक करत होती," मी म्हटलं.

"पता है."

"मग?"

तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग तिने ते सांगितलं जे पोह्यांच्या वेळी सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात ती एका मैत्रिणीकडे गेली होती. सगळ्याजणी एकमेकींचे कपडे घालून बघत होत्या. हिनेही एकीची जीन्स घातली. ती मांडीवर जी अडकली ती वर जाईना, खाली येईना. चौघींनी मिळून ओढून काढली. ओढताना सगळ्या हसत होत्या, ही पण हसत होती. मग एकजण म्हणाली, यार, तेरी टाँगें तो लड़कों वाली हैं. आणि तेव्हाही ही हसलीच.

"मैं भी हँस रही थी, आई," ती पुन्हा म्हणाली. "मुझे नहीं हँसना था."

सकाळपासून मी एका पँटशी भांडत होते. मला वाटत होतं, शेरास सव्वाशेर अशी एखादी जीन्स मिळाली की विषय संपला. त्या चार पोरींना ओळीने उभं करून त्यांचे पट काढावेत असं मला मनापासून वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. पण मुलीला बरं वाटेल असं काही माझ्यापाशी नव्हतं. माझे पाय मला आवडतात, कारण मी वाढले तिथे ते सगळ्यांना आवडायचे. तिला मी तसं घर दिलं असेल, पण गाव दिलं नव्हतं. म्हणून मी नुसती तिच्या हातातली पिशवी घेतली.

"आई," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमने सच में उसको बोला, मांडी बहुत बड़ी है इसकी?"

"बोलले."

"और वो बोला, पूरे ट्राइसिटी का माल उतरता है."

आम्ही दोघी खांबाला धरून हसलो. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. डोळे पुसताना तिचं थोडं रडणंही त्यातच उरकून गेलं.

एवढ्यात बीजी खांद्यावर एक जीन्स टाकून डुलत डुलत बाहेर आली. "मुंडेयां वाली ए," ती म्हणाली, म्हणजे मुलांची. "पर पा के तां वेख." पण घालून तर बघ. आपल्या बोलण्याने पोरगी पळाली हे तिच्या गावीही नव्हतं. आपलं गिऱ्हाईक व्हरांड्यात जाऊन का हसतंय एवढंच बघायला ती आली असावी.

मुलांची म्हटल्यावर मुलीचा चेहरा पुन्हा पडला, पण बीजीला नाही म्हणायची त्या बाजारात कोणाची छाती नव्हती. पडद्याआड जाऊन तिने ती घातली. मांड्यांवरून ती सहज गेली. पहिल्यांदाच काही ओढावं लागलं नाही, काही टरकलं नाही. गुडघे वाकले, पोटऱ्या मावल्या, आणि खिसे इतके खोल की मुलगी कोपरापर्यंत हात घालून बघत राहिली. मुलींच्या जीन्सना नावाला खिसे असतात हे मला तेव्हा कळलं. पण कंबर! कंबर पुन्हा बत्तीस सेक्टरलाच.

"बेल्ट ला लै," बीजी म्हणाली. बेल्ट लावला तर कमरेभोवती चुण्या पडून गाठोडं झालं.

"ये फिट नहीं है," मुलगी म्हणाली. "शर्त हार गई तुम."

"रविवार अजून जायचाय," मी म्हटलं आणि ती जीन्स घेतली. मनातून मी हरलेच होते. घरी येताना सोमवारी सरांना काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

घरी आल्यावर तिच्या बाबांनी ती जीन्स हातात घेऊन उलटसुलट केली. कमरेची पट्टी ताणून पाहिली, शिवण नखाने उकरली. मग कपाटावरून माझं शिलाई मशीन खाली काढलं. हे मशीन मला लग्नात मिळालं होतं आणि मी त्यावर एक उशीचा अभ्रा आणि अर्धा परकर एवढंच आजवर शिवलंय. प्रत्येक बदलीच्या वेळी मी ते विकायला काढते आणि हे विकू देत नाहीत. स्वतःचा गणवेश दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाही अशी त्यांची जुनी खोड आहे, त्यामुळे काजं-बटणं, हातशिलाई, इस्त्री हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा बरं येतं.

"अहो, जमेल का?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "मागनं उसवतो, दोन्हीकडून पाचर काढतो आणि पट्टी परत लावतो. पाय आपले आहेत तसे."

सकाळी पेपरमागे लपलेला माणूस तो हाच का, असं वाटावं इतके ते गढून गेले. जाड कापडात सुई मोडली. दुसरी घातली, ती वाकली. मी कात्री देण्याच्या निमित्ताने सूचना करायला गेले तर मला स्वयंपाकघरात पिटाळलं. मुलगी सुरुवातीला लांबून बघत होती. मग मशीनचं चाक फिरवायला जवळ बसली. बाबा तिला काही समजावत नव्हते, ती काही विचारत नव्हती. दोघं मिळून फक्त कापड पुढे सरकवत होती.

रविवारी दुपारी जीन्स तयार झाली. शिवण जरा वाकडी होती, पण ती पाठीमागे होती. मुलीने ती घातली आणि बटण लावलं. बटण लागलं. हात सोडून दिले तरी ती कमरेवरच राहिली. आम्ही दोघं परीक्षक होऊन सोफ्यावर बसलो. "चालून दाखव," बाबा म्हणाले. चालली. "जिना चढ." चढून उतरली. "आता मांडी घालून बस," मी म्हटलं. ज्यात मांडी घालून बसता येत नाही त्याला मी तरी कपडा म्हणणार नाही. तिने फरशीवर मस्त मांडी घातली, डुलून पाहिलं आणि काहीही फाटलं नाही.

वाढदिवसाच्या पार्टीला ती जाणार नव्हती, कारण त्या रविवारी ती भोपाळला असणार होती. पक्का म्हणजे पक्का. तिने बॅग भरली, आणि भरताना जीन्स वर ठेवली. मी जिंकले होते, पण जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. ती जात होती ती शब्द दिला होता म्हणून. स्वतःच्या पायांवरचा तिचा राग अजून तसाच होता, हे मला कळत होतं आणि रुतत होतं. कोणाच्या रागाला मागून पाचर काढून देता येत नाही.

शिबिरातून पहिले फोन आले ते तुटक. खाना ठीक है. पानी ठंडा है. थक गई. मग एके दिवशी आपण होऊन बोलू लागली. खोलीत सगळ्या रोइंगवाल्या होत्या, मणिपूरपासून केरळपर्यंतच्या. "आई, यहाँ सबके पट्ट मेरे जैसे हैं." बीजीचा शब्द तिने कधी उचलला ते मला कळलंही नव्हतं. "एक लड़की के तो मुझसे भी मोटे हैं. पता नहीं क्या खाती है."

तिच्या आवाजात चक्क हेवा होता. मी फोन स्पीकरवर टाकून तिला ते वाक्य बाबांसाठी पुन्हा म्हणायला लावलं. तिला वाटलं, नेटवर्क गेलं.

ती परत आली तेव्हा चंदीगडला धुकं पडायला लागलं होतं. रंग रापला होता, तळहाताला घट्टे पडले होते आणि पोळ्या किती खाल्ल्या ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. दोनतीन दिवसांनी त्याच मैत्रिणींबरोबर कुठेतरी जायचं ठरलं. ती खोलीत कपडे बदलायला गेली आणि दार लावलं. थोड्या वेळाने आतून धप धप असे उड्या मारल्याचे आवाज आले. मग थांबले. पुन्हा आले. मग काहीच नाही.

मी कणकेचे हात घेऊन दारापाशी उभी राहिले. मला आत काय चाललंय ते न बघताही दिसत होतं. उड्या मारून पँट वर चढवतात तो आवाज मला आता पाठ झाला होता. एवढी खटपट करून मिळवलेली ती एकुलती एक जीन्स तिला आता होत नव्हती. दार उघडलं की ती काय म्हणेल, आणि त्यावर मी काय म्हणू? बीजी, मोर, काकांची तालीम, सगळं मनात आणून बघितलं. कशाचाच उपयोग होणार नव्हता. मला भीती वाटत होती.

दार उघडलं. जीन्स अर्ध्या मांडीपर्यंत येऊन थांबली होती. मुलगी तशीच, दोन्ही हात कमरेवर ठेवून आरशात बघत होती. आधी डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने. मग तिने माझ्याकडे मान वळवली.

"आई," ती म्हणाली, "जीन्स छोटी हो गई."

तिचे स्वेटर, तिचे बूट, शाळेचा गणवेश, सगळं एकेक करून असंच लहान होत गेलं होतं. तेव्हा कोणीही तिला, तू का वाढलीस म्हणून विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि कणकेच्या हातांनी ते पुसताही येईनात.

"काढून ठेव," मी म्हटलं. "मोठी आणू."